राणीच्या बागेतले डॉक्टर

भायखळ्याच्या राणीच्या बागेत रविवारी पेंग्विन बघायला रांग लागते. मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, वेफर्सच्या पिशव्या, 'अजून किती वेळ?' हा प्रश्न. त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची देखणी इमारत आहे, तिथे मात्र रांग नसते. ज्यांच्या नावाने ती आज ओळखली जाते ते भाऊ दाजी मूळचे डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. कुष्ठरोगावर झाडपाल्यातून औषध मिळेल का, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. पुढे त्याच संग्रहालयात, ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून ओळखले जात असताना, दर महिन्याला काही मंडळी जमू लागली. कुणी साप आणायचा, कुणी पाखराची कातडी, कुणी कीटक. वस्तू टेबलावर ठेवायची आणि तिच्याविषयी बोलायचे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी स्थापन केलेल्या या मंडळाचे नाव बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, आजची बीएनएचएस.

आठांपैकी सहा साहेब, दोन आपले. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि सखाराम अर्जुन राऊत. दोघेही डॉक्टर.

आत्माराम पांडुरंग आपल्याला प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून माहीत असतात, किंवा व्याकरणकार दादोबांचे धाकटे भाऊ म्हणून. सखाराम अर्जुन तर त्याहून आडबाजूला राहिले. रखमाबाईंच्या गाजलेल्या खटल्याच्या हकिगतीत 'सावत्र वडील' म्हणून त्यांचे नाव येते आणि ओलांडून जाते. पण हा माणूस ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होता, मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची यादी त्याने १८७९ मध्ये छापली होती आणि वैद्यकावर मराठीत लिहिले होते. बाजारात दुकान मांडून बसलेला काष्ठौषधीवाला काय विकतो, हे डॉक्टरला ठाऊक असले पाहिजे, हा त्या कामामागचा विचार. निसर्गाचा अभ्यास करणाऱ्या मंडळात हे दोन डॉक्टर कशाला गेले, असा प्रश्न त्यांच्या काळात कुणालाच पडला नसता. तो आपल्याला पडतो, आणि माझ्या मते गडबड तिथेच आहे.

कारण तेव्हा ती एकच विद्या होती. मुंबईत १८३५ मध्येच डॉक्टरांनी एक सभा काढली होती, तिचे नाव मेडिकल अँड फिजिकल सोसायटी. त्यातले 'फिजिकल' म्हणजे भोवतालची सगळी सृष्टी: हवा, पाणी, माती, झाडे, प्राणी. तसलेच जोडनाव युरोपातही होते. जर्मनीत व्युर्त्सबुर्ग गावी 'फिजिकल-मेडिकल' सोसायटी होती. रोंटगेन या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या नव्या किरणांविषयीचा, म्हणजे क्ष-किरणांविषयीचा, निबंध २८ डिसेंबर १८९५ रोजी त्या मंडळाच्या हवाली केला आणि तो त्यांच्या वार्तापत्रात छापला गेला. पुढच्या महिन्यात भरसभेत म्हाताऱ्या शरीरशास्त्रज्ञ क्योलिकरच्या हाताचा फोटो त्याच किरणांनी काढला. भौतिकवाला आणि हाडांवाला एकाच खोलीत बसत होते, म्हणून त्या शोधाला रुग्णालयापर्यंत पोचायला वर्षे लागली नाहीत.

मुंबईचे मंडळही असेच मिसळीचे होते. पहिली काही वर्षे त्याला स्वतःची जागा नव्हती. संग्रहालयातून ते फोर्टात आले ते फिप्सन नावाच्या सभासदाच्या दारूच्या पेढीतल्या खोलीत. १८८६ पासून जर्नल निघू लागले. त्यात लिहिणारे कोण? मूळचे बार्देशातल्या आसगावचे डॉ. जुझे कामिलो लिझबोआ, भाऊ दाजींच्याच तुकडीतले, रोगी तपासून उरलेल्या वेळात मुंबई इलाख्यातल्या गवतांची यादी करत होते. त्यांच्या पत्नी जुलिया यांनी १८८९ मध्ये त्याच जर्नलमध्ये सुवासिक गवतांवर लिहिले आणि एका नव्या जातीचे वर्णन केले. लष्करी डॉक्टर फ्रँक वॉल सापांवर लेखमाला लिहीत होते, रंगीत चित्रांसह. आणि डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर मुंबईच्या विषारी वनस्पतींवर लिहीत होते. हे कीर्तिकर म्हणजे १९०९ च्या बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष! डॉक्टर, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि साहित्य संमेलनाचा अध्यक्ष ही तीन पदे एका माणसाकडे असणे आज आपल्याला चमत्कारिक वाटेल.

एडवर्ड हॅमिल्टन एटकेनचे उदाहरण तर मला फार आवडते. हा मंडळाचा एक संस्थापक, जर्नलचा संपादक, विनोदी लेखक आणि पोटापाण्यासाठी कस्टम व मीठ खात्यातला अधिकारी. रोनाल्ड रॉस या डॉक्टरने १८९७ मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत सरकारने या मीठवाल्याला गोव्याच्या सरहद्दीवरच्या नाक्यांवर धाडले. तिथले शिपाई तापाने फणफणत होते, त्यांना डासांच्या अड्ड्यांपासून कुठे हलवावे ते पाहण्यासाठी. डॉक्टर नव्हे, कीटक ओळखणारा हौशी माणूस. त्याला तिथे अ‍ॅनोफेलिस डासाची एक नवी जात सापडली. ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आता प्लेग. हा विषय मराठी माणसाला २२ जून १८९७ च्या रात्रीशिवाय आठवत नाही. रँड, चापेकर, घरात शिरणारे सोल्जर, अंगणात जाळलेले सामान. त्या सगळ्या संतापामागे एक वैद्यकीय समजूत होती, तिच्याकडे आपण क्वचितच बघतो. सरकारी डॉक्टरांच्या मते प्लेगची घाण जागेत, कपड्यांत, जमिनीत मुरलेली असते. म्हणून भिंती धुवा, कार्बोलिक ओता, कौले काढा, माणसे उचला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी रोग ओळखला होता. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस बनवून जानेवारी १८९७ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली होती. रोगाचा जंतू माहीत होता, लस होती. मग तो जंतू माणसापर्यंत येतो कसा, हेच काय ते ठाऊक नव्हते.

खेड्यातल्या माणसाला मात्र अर्धे उत्तर माहीत होते. 'उंदीर पडले' की गाव सोडायचे आणि माळावर झोपड्या घालून राहायचे. आमच्याकडे जुन्या पिढीच्या तोंडी हा शब्दप्रयोग होता: उंदीर मेले नव्हे, पडले. उरलेले अर्धे उत्तर १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दिले: उंदरावरची पीस. त्या वेळच्या प्लेग कमिशनने ते उडवून लावले. का उडवले? सिमाँचे प्रयोग थोडे होते, हे एक कारण. दुसरे असे की कमिशनवर बसलेल्यांना पिसवांमध्ये जाती असतात, उंदराची पीस वेगळी, मांजराची वेगळी, माणसाची वेगळी, हे महत्त्वाचे वाटतच नव्हते. पिसवांची ओळख हे कीटकवाल्यांचे काम, डॉक्टरांचे नव्हे.

मग १९०३ मध्ये राणीच्या बागेतल्या प्राणिसंग्रहालयात गिनीपिग मरू लागले. डॉ. ग्लेन लिस्टन परळच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांनी त्या मेलेल्या गिनीपिगांच्या अंगावरच्या पिसवा तपासल्या आणि त्यांत उंदरांच्या पिसवा सापडल्या. जिथे उंदीर मरून संपले होते आणि रहिवासी पिसवांनी हैराण होऊन व्हरांड्यात झोपत होते, अशा एका चाळीतही त्यांनी माणसांच्या अंगावरून पिसवा पकडल्या. त्यांतल्या कित्येक उंदरांच्याच निघाल्या. उंदीर मेला की त्याची पीस उपाशी पडते, उपाशी पीस जो भेटेल त्याला चावते. एवढी साधी गोष्ट. हा निबंध लिस्टन यांनी कुठे छापला? १९०५ च्या बीएनएचएसच्या जर्नलमध्ये. पाखरांच्या आणि सापांच्या शेजारी. पुढे परळला नव्या प्लेग कमिशनने पिंजऱ्यांचे काटेकोर प्रयोग करून तीच गोष्ट सिद्ध केली.

एकटे लिस्टन थोर होते असे मी म्हणत नाही. मुंबईत तेव्हा अशी एक जागा होती जिथे डॉक्टरला पिसू ओळखणारा माणूस भेटत होता आणि पिसू ओळखणाऱ्याला रोग्यांची गोष्ट ऐकू येत होती. सत्तेच्या कमिशनला जे दिसले नाही ते अशा खोलीत दिसण्याची शक्यता जास्त असते. त्या खोलीला मी विद्वत्सभा म्हणतो. आज आपण गमावले आहे ते नेमके हे.

कसे गमावले, हे एका वाक्यात सांगता येणार नाही. वैद्यक रुग्णालयात आणि प्रयोगशाळेत गेले. निसर्गअभ्यास संवर्धनाकडे वळला आणि ते आवश्यकच होते, जंगले संपत होती. साठच्या दशकात मात्र दोघांची गाठ एकदा पुन्हा पडली होती. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, विषाणू शोधला. तो रशियातल्या एका विषाणूचा जवळचा भाऊबंद निघाला. मग सायबेरियातून येणारे पक्षी आपल्या अंगावरून गोचिडी आणतात की काय, हा प्रश्न आला, आणि तो सोडवायला सलीम अली व बीएनएचएसच्या मंडळींना बोलावणे आले. आपल्याकडे पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले त्याला हे एक कारण होते. नंतर त्या कामात अमेरिकी लष्कराचा पैसा असल्याचे उघड झाले, जैविक युद्धाचा संशय आला, सत्तरच्या दशकात प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेले. संशय घेणे चूक नव्हते. संशोधनाचा खर्च कोण करतो, हे विचारलेच पाहिजे. फक्त त्या धुरळ्यात गोचीड आणि माणूस यांचा एकत्र अभ्यास करणारी बैठकही विस्कटली.

आणि गोचिडी काही थांबल्या नाहीत. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीकडे तोच ताप आला. लोकांनी त्याला 'माकडताप' हे नाव दिले. काजूच्या हंगामात, जानेवारीपासून मेपर्यंत, बागेत पाचोळ्यात वाकून बोंडे गोळा करणाऱ्या बायाबापड्यांना तो होतो. प्लेगात उंदीर पडत होते, इथे माकडे पडतात. दोन्ही वेळा पहिली खबर गावकऱ्याला मिळते. प्रश्न असा की त्याने ती कुणाला सांगायची? मेलेले माकड वनखात्याचे. गोचीड जनावरावर असेल तर पशुवैद्यकाची. तापलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्राचा. बाग काजूवाल्याची. चार टेबले, चार फायली, आणि त्या चौघांना महिन्यातून एकदाही एकत्र चहा प्यायचे कारण नाही.

यावर सरकारी उत्तर तयार आहे: 'वन हेल्थ'. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकच, अशी ती कल्पना. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची कोनशिला बसली, खर्च ११० कोटींच्या वर. संस्थेला माझा विरोध नाही. प्रयोगशाळा हव्यातच, परळच्या पिंजऱ्यांशिवाय लिस्टनचा तर्क तर्कच राहिला असता. पण क्रम पाहा. आधी टेबलावर मेलेला गिनीपिग आला, मग प्रयोग. संस्था वरून खाली बोलते, अहवाल खालून वर जातात. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलायची सोय कोनशिलेने होत नाही. ती आठ माणसे दारूच्या पेढीतल्या खोलीत करू शकली.

मला ठाऊक आहे, लगेच दोन आक्षेप येतील.

पहिला: ती सगळी साहेबांची चैन होती. शिकारी लोक, क्लबातले, नोकरांकडून पाखरे सोलून घेणारे. खरे आहे. जर्नलचे जुने अंक चाळले तर शिकारीच्या हकिगतींनी ते भरलेले दिसतात. ज्या ठाकर-कातकऱ्याने साप धरून आणला त्याचे नाव क्वचितच येते. आणि सगळा कारभार इंग्रजीत. कीर्तिकरांनी संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले, पण विषारी झाडांवरचे लेख इंग्रजीत लिहिले. त्याचा परिणाम आजवर पोचलेला आहे: दर एक-दोन वर्षांनी कुठल्या तरी शाळेतली मुले मोगली एरंडाच्या बिया शेंगदाणे समजून खातात, उलट्या करत रुग्णालयात येतात आणि बातमीत 'विषारी बिया' एवढेच छापून येते. कुठले झाड, कसे दिसते, कुंपणाला कुणी लावले, काही नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीत विज्ञान आणण्याचे काम करते आहे, तिचे ऋण मोठे. पण तिचे काम मुख्यतः सांगण्याचे. मला म्हणायचे आहे ते जमवण्याचे काम: इथली निरीक्षणे, इथल्या माणसांची, मराठीत नोंदवलेली. म्हणजे साहेबी मंडळाची चैन सोडून त्याची शिस्त तेवढी उचलायची.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. आजचे विज्ञान हौशी लोकांचे राहिलेले नाही. जनुकांचे क्रम लावण्याच्या जमान्यात जिल्ह्याच्या गावच्या डॉक्टरने गोचिडी मोजून काय होणार? याला महाडचे उत्तर आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसे जवळून पाहिली, हृदयावर काय होते ते खाटेशेजारी बसून टिपले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू झपाट्याने कमी केले. विंचवाच्या दंशावरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आला. निरीक्षण कोकणातले, विंचू कोकणातला, रोगी कोकणातले, आणि वाचायचे लंडनमध्ये! जगभरच्या डॉक्टरांना ते मिळाले हे चांगलेच झाले. पण अलिबाग, रत्नागिरी, चिपळूणच्या डॉक्टरांना महिन्याच्या सभेत ते ऐकायला मिळेल, विंचवांची जात ओळखणारा कुणी उठून दोन प्रश्न विचारेल, अशी जागा आपल्याकडे कुठे आहे?

डॉक्टरांच्या सभा होत नाहीत असे नाही. खूप होतात. मीही अशा एकदोन सभांना आमंत्रित म्हणून बसलो आहे. हॉटेलचा हॉल, औषध कंपनीचा फलक, पुण्या-मुंबईहून आलेला तज्ज्ञ, चाळीस स्लाइड, दारात सह्या घेणारा एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, आणि मग जेवण. सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाचे, गुण मिळतात. श्रोत्यांपैकी कुणी स्वतः पाहिलेले काही मांडत नाही. त्यासाठी कुणी वेळच ठेवलेला नसतो. संशोधनाच्या पैशाविषयी लोकलेखा समितीने विचारलेला प्रश्न इथेही विचारता येईल, पण जेवण चालू असताना विचारणे बरे दिसत नाही.

निसर्गप्रेमींच्या गटांची गत दुसऱ्या टोकाला. तिथे उत्साह अमाप. सर्पमित्र, पक्षीनिरीक्षक, फुलपाखरांचे फोटो काढणारे. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळपासून फोटो पडतात, ओळख दहा मिनिटांत मिळते, आणि रात्रीपर्यंत सगळे वर सरकून गायब. सभेत आणि गटात हाच फरक. सभेत वस्तू टेबलावर राहते, कुणीतरी इतिवृत्त लिहितो, आणि वीस वर्षांनी आलेला माणूस ते काढून वाचू शकतो. १९०५ चा अंक आज उघडला तर लिस्टनच्या पिसवा अजून तिथेच आहेत.

तेव्हा माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एक मंडळ असावे, ज्यात डॉक्टर, पशुवैद्यक, वनरक्षक, सर्पमित्र, महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे मास्तर आणि शेतकरी सभासद असतील. वर्गणी थोडी, म्हणजे कुणा कंपनीच्या जेवणाची गरज पडणार नाही. सरकारी अनुदानही नको, अनुदान आले की पाठोपाठ नमुना अर्ज येतो. बोलणे मराठीत, जातींची शास्त्रीय नावे लॅटिनमध्ये, इतिवृत्त छापील. बीएनएचएसने आपल्या संग्रहाचा आणि माणसांचा दीडशे वर्षांच्या घरातला अनुभव या मंडळांच्या पाठीशी उभा करावा. तिच्या दोन भारतीय संस्थापकांचे स्मरण करण्याचा पुतळ्याहून हा चांगला मार्ग ठरेल. वैद्यकीय महाविद्यालयांनी महिन्यातला एक दिवस विद्यार्थ्यांना तिथे पाठवावे. एमबीबीएस होऊन ग्रामीण भागात एक वर्ष काढणाऱ्या पोराला नाग आणि धामण यांतला फरक कळत नसेल, तर सर्पदंशाचा रोगी आल्यावर तो इंजेक्शनकडे पाहील की नातेवाइकांनी पिशवीत घालून आणलेल्या मेलेल्या सापाकडे?

सुरुवात सिंधुदुर्गातूनच व्हावी असे मला वाटते, कारण तिथला प्रश्न दर जानेवारीला उभा राहतो. डिसेंबरातला शेवटचा शनिवार, ग्रामपंचायतीचा हॉल, आठ माणसे पुरेत. टेबलावर ठेवायला एक वस्तू: काजूच्या बागेत पांढरे फडके जमिनीवरून ओढून त्याला चिकटलेल्या गोचिडींची स्पिरिटमध्ये बुडवलेली एक बाटली, तिच्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर बागेचे नाव, तारीख आणि फडके ओढणाऱ्याचे नाव.